नऊ टाइला

"डोळे तं तुले हायेत ना? मंग काहून गेलता सोडून?"

मोठेबाबा हे हळूच बोलले. वरडले असते तं बरं झालं असतं, मी बी वरडलो असतो अन मोकळा झालो असतो. पण मांगच्या आंगणात कामवाली बाई भांडे घासत होती, वरच्या मजल्यावर सोनू वायरिंग करत होता, म्हणून आमचं भांडण सारं कानातल्या कानात चाल्लं होतं.

"घंटाभर गेलतो," मी म्हणलं. "तेवढ्यात तुमाले तेजाबच सुचला? उर्वशीताई सामोर उभी राहून सांगून गेली होती का या टाइलाले तेजाब लावाचा नाही म्हणून. तुमीच मान हलवली होती."

"पांढरं राह्यलं होतं त्यायच्यावर."

"ते तुमाले कोणं सांगतलं?"

बोललो अन लगेच जीभ चावली. मोठेबाबानं उजवा तळहात वर केला, माह्याकडं धरला. "यानं," म्हणे.

दरवाज्याजोळ, भिंतीच्या खालच्या तीन ओळी, तिथल्या तीन-तीन अशा नऊ टाइला. बाजूच्या टाइला वल्या दिसत होत्या, कोणी आताच पाण्यानं पुसल्यावानी. ह्या नऊ जशा पिठात घोळल्या. हिरवा रंग सुकल्या शेवाळावानी झालता, मधाचा रंग मेणचट, अन पाकळीचा गुलाबी तं कुठं गेला पत्ताच नाही. तेजाबाचा वास अजून हवेत होता. माह्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते त्याच्यानंच.

मोठेबाबा म्हणजे माह्या बापाचे मोठे भाऊ, उकंडा मिस्त्री. टाइल-फरशीचं काम तीस वर्सांपासून करतात, पांढरकवड्यापासून झरीपर्यंत कोणालेबी विचारा. मी संघदीप, सतरा वर्साचा. दहावीत शाळा सोडली. सोडली म्हणजे गणिताच्या सराले कंपास फेकून मारला, मंग जे व्हाचं ते झालं. तवापासून मोठेबाबासंग हावो. लोकाईले वाटते मी त्यायचा हेल्पर. खरं म्हणजे मी त्यायची नजर.

दोन वर्सं झाले या गोष्टीले. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं का काचबिंदू हाये, गेली तेवढी नजर गेली, राह्यली तेवढी थेंब टाकून सांभाळा. राह्यली म्हणजे किती? मोठेबाबा एकदा म्हणे, पाइपातून पाहाल्यावानी, अन पाइपाच्या तोंडाले जुनी बनियान बांधल्यावानी. रंग तं कळतच नाही. यष्टीनं वापस येताना त्याईनं माह्या मांडीवर हात ठेवला अन म्हणे, घरी सांगाचं नाही. मोठीआईले बी नाही. तिले आजबी वाटते का गुडघा दुखते म्हणून यायनं मोटरसायकल चालवणं सोडलं.

अन काम? काम तळहातानं. टाइल बसवली का तिच्यावरून हात फिरवतात, दोन टाइलाच्या मधी कागदाएवढा उठाव असला तरी त्यायले कळते. रंगाचं अन डिझाइनचं मी पाहतो. टाइल देताना मी तिच्या वरच्या बाजूवर अंगठा ठेवून देतो. त्यायचा अंगठा माह्या अंगठ्यावर येते, म्हणजे वरची बाजू कोणती ते समजलं. बोलाचं कामच नाही. पाहणारे म्हणतात, या काका-पुतण्याचं भल्लं जमते बावा. दोन वर्सात कोणाले संशय आला नव्हता. सोनूले येईपर्यंत.

वामनरावाचं घर पांढरकवड्यातल्या म्हाताऱ्या लोकाईले विलायती टाइलाचं घर म्हणून माहीत हाये. पडकं नाही, अजून पन्नास वर्सं हलत नाही असं घर. वामनरावाच्या आजाचा कापसाचा सौदा होता. त्यानं ह्या टाइला इंग्लंडातून मांगवल्या; बंबईले जहाजातून उतरल्या, मंग रेल्वेनं, मंग बैलगाडीनं, तणसात भरून. एका टाइलवर फुलाचा पाव हिस्सा. चार टाइला बरोबर लावल्या का एक पुरं फूल. पाकळ्या वर उचललेल्या हायेत, बोट फिरवलं का लागते. उर्वशीताई म्हणे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हायेत. मागच्या बाजूनं इंग्रजी अक्षरं उठवलेले हायेत, ते म्या वाचले. दहावी नापास असलो म्हणून काय झालं.

गेल्या वर्षी न्हाणीची फरशी लावाले आलतो, तवा पयल्या दिवशी मी म्हणलं, पैसेवाल्या लोकाईचे चोचले, दुसरं काय. वामनरावानं ऐकलं. म्हणे, "चोचले नाही बे. या बैठकीत कास्तकार येऊन बसत. डोक्याले तेल, आंगाले कापसाची कीस. चुन्याची भिंत असती तं वर्सात तिच्यावर कापूस उगवला असता. या टाइलावर वलं फडकं मारलं का भिंत नवी." मंग साऱ्या घरात फिरवून दाखवलं. पायऱ्यायच्या उभ्या बाजूले टाइला, का चपलीचा धक्का लागून चुना पडू नये. न्हाणीत कमरेपर्यंत टाइला. खिडकीच्या खालच्या पट्टीले टाइला, का पावसाचं पाणी मुरू नये. देवघराच्या ओट्याले टाइला, तिथं तेल सांडते म्हणून. त्या दिवशी मले कळलं का जुने लोकं काही उगंच नव्हते लावत. जिथं जिथं भिंतीले माणसाचा त्रास, तिथं तिथं टाइल.

आता उर्वशीताईले, म्हणजे वामनरावाच्या पोरीले, हे घर पाहुण्याईसाठी तयार कराचं हाये. टिपेश्वरले वाघ पाहाले मोठमोठ्या शहरातून लोकं येतात, ते इथं राहतीन. बैठकीची खालची भिंत ओलीनं फुगली होती, टाइला सुटाले आलत्या. काम असं होतं का खालच्या तीन ओळी काढाच्या, भिंत सुकवाची, अन त्याच टाइला त्याच जागेवर वापस लावाच्या. सिमेंटात नाही, चुन्यात. आमी पंधरा दिवस लोखंड कापाचा एक्सा ब्लेड टाइलाच्या मांगं घालून घालून एकशे आठ टाइला काढल्या. एक नाही फुटली. प्रत्येकीच्या पाठीवर म्या कोळशानं नंबर टाकला. वापस लावल्या तवा मोठेबाबा दोरी धरून खाली बसत अन मी अंगठा ठेवून देत जाओ. काल शेवटची बसली. मी दूर जाऊन पाह्यलं तं जोड कुठं हाये ते सापडेना. खोटं नाही सांगत, पयल्यांदा मले कोणत्या कामाचा गर्व वाटला.

पण टाइलावर चुन्याचं पांढरं राह्यलं होतं, जसं नेहमी राहते. उर्वशीताईनं जाताना बजावलं होतं का फक्त पाणी अन दात घासाचा ब्रश. ह्या टाइलावरची काच शिसं घातलेली हाये, तेजाबानं मरते. आमच्या धंद्यात मात्र असं हाये का तेजाब मारून भिंत धुतल्याबिगर मिस्त्री घर सोडत नाही. तेजाबाचं धुणं म्हणजे मिस्त्रीची सही. ब्रशानं घासत बसणारा मिस्त्री लोकाईले नवखा वाटते. तीस वर्सं मोठेबाबानं प्रत्येक घर तेजाबानं धुऊन देल्लं हाये, अन प्रत्येक घरवाल्यानं म्हणलं हाये, वा उकंडा.

आज सकाळी आमी ब्रश घेऊन बसलो. अकरा वाजता सोनू खाली आला. सोनू लाइट फिटिंगवाला, माह्यापेक्षा चार-पाच वर्सानं मोठा, त्याले सारे आपल्यापेक्षा बावळट वाटतात. चहा आलता. मोठेबाबानं कप घ्याले हात पुढं केला अन कपाच्या बाजूनंच गेला. दोनदा. सोनू पाहून राह्यलता. कामवाली बाई आत गेल्यावर म्हणे, "काय रे संघ्या, मिस्त्रीले डोळ्यानं दिसते ना? का भिंतीवानी टटोलूनच चहा पेते?"

हासत म्हणला, गंमतीत. पण मी उठलो. त्याची कॉलर धरली. मोठेबाबा म्हणे, बस खाली. माह्या डोक्यात एकच होतं का आता एक शब्द जरी बोललो तं सारं बाहेर येईन, कारण मले राग आला का तोंडावर माहं राज चालत नाही. म्हणून कॉलर सोडली अन सरळ बाहेर गेलो, हायवेपर्यंत. तिथं कापसाच्या गाड्या पाहत एका टपरीवर घंटाभर बसलो. मले वाटलं मी शहाणपणा केला.

त्या घंट्यात मोठेबाबानं थैल्यातून तेजाबाची बाटली काढली. काहून काढली ते त्याईनं मले भांडणात सांगतलं नाही, पण मले समजते. सोनूचं बोलणं त्याईनं ऐकलंच होतं. तुले दाखवतो मिस्त्री कोण हाये ते, असं झालं असन. एकटेच बसले, काथ्या बुडवून नऊ टाइला धुतल्या, पाणी मारलं, अन सवयीनं हात फिरवला. धुतल्यावर टाइल काचेवानी लागते. ह्या लागल्या पाटीवानी.

मी वापस आलो तवा ते भिंतीसामोर उकिडवे बसून होते, हात अजून टाइलावरच. मले पायाच्या आवाजावरून वळखलं. म्हणे, "संघ्या, चमक गेली का रे?"

तिथूनच भांडण सुरू झालं, ते तुमाले सांगतलं.

आता पाहा आमी कसे फसलतो. वामनराव उर्वशीताईले आणाले नागपूरले गेलते, चार वाजता येणार होते. मी म्हणलं असतं का तेजाब म्या मारला, तं वामनराव म्हणले असते, उकंडा, आंधी हे पोट्टं हाकल. मले हाकललं का मोठेबाबाचं काम त्या दिवशीच संपलं, दुसरा कोणता हेल्पर अंगठा ठेवून टाइल देईन? अन मोठेबाबा म्हणले असते का म्या मारला, तं पयला सवाल हा आला असता का बावा, पयली टाइल खराब झाली तवाच दिसलं नाही का? एक झाली असती तं चूक. नऊ म्हणजे चूक नाही. नऊ म्हणजे माणसाले दिसतच नाही. कोणीबी हिशोब जमवन. एकदा का जमवला, तं बुधवारच्या बाजारापर्यंत साऱ्या तालुक्याले माहीत होईन, अन मंग मोठेबाबाच्या हातात कोणी थापी देणार नाही. पडवीत बसून राहणं त्याईले जमणार नाही. मी वळखतो त्याईले. आमच्या घरी काम नसलेला माणूस लवकर मरते.

मी भिंतीकडं पाहत होतो. मंग नजर गेली कोपऱ्यातल्या सागवानी कपाटाकडं. भिंतीपासून चार बोटं दूर, त्याच्या मांगं बी टाइला होत्या, त्याच. त्या भिंतीले ओल नव्हती म्हणून आमी तिले हात नव्हता लावला.

"कपाटामांगच्या काढू," मी म्हणलं. "त्या नऊ इकडं, ह्या नऊ तिकडं. कपाट कोण हलवून पाहते?"

हे चोरीचं काम हाये असं मोठेबाबाच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. ते दर पौर्णिमेले विहारात जाऊन पंचशील म्हणणारे माणूस, दारूचा थेंब नाही, दुसऱ्याच्या घरचा खिळा उचलत नाही. पण मंग म्हणे, "पोतं टाक पायाखाली. आवाज नाही झाला पाह्यजे."

कपाट सरकवाले पाऊण घंटा गेला. वरतं सोनूचं ड्रिल चाललं का आमी ढकलू, थांबलं का आमी थांबू. माहा शर्ट पाठीले चिकटला होता. मंग ब्लेड घेऊन मोठेबाबा बसले अन मी सांगत गेलो, ही, मंग हिच्या उजवीकडची. जुना चुना दगड झालता. एक टाइल निघाले सात मिनिटं. प्रत्येक येळी आवाज बदलला का मले वाटे, आता फुटली. नाही फुटली. नऊच्या नऊ निघाल्या. नवव्या टाइलले त्याईनं दोन्ही हातानं पोटाशी धरलं, अन मले वाटलं जमलं.

मी त्यातली एक उचलून भिंतीवर धरली, पाहाले.

सामोरच्या टाइलाच्या काचेत बारीक बारीक चिरा हायेत, केसावानी, अन शंभर वर्साचा धूर अन तेल त्यात जाऊन त्या चहाच्या रंगाच्या झाल्या. जोळून पाह्यलं का जाळी दिसते. कपाटामांगच्या टाइलाले जाळीच नव्हती. म्हणजे चिरा होत्या, पण कोऱ्या. ती टाइल भिंतीवर अशी दिसत होती जसा वरातीत नवा सदरा. उर्वशीताईच्या नजरेले हे दिसल्याबिगर राहाचं नव्हतं. घड्याळात दोन वाजून गेलते.

"जमते का?" मोठेबाबानं विचारलं.

"जमते," मी म्हणलं.

दोन वर्सात म्या त्याईले रंगाचं कवाच खोटं सांगतलं नव्हतं. त्याईनं मान हलवली अन खराब टाइला काढाले बसले. माह्या शब्दावर. मले तवाच वाटलं का आता काही खरं नाही.

पाच टाइला निघाल्या होत्या तवा बाहेर गाडी थांबली. चार नाही, पावणेतीन.

कपाट अर्ध्या खोलीत. भिंतीत दोन जागी भोकं. खाली पोत्यावर चौदा टाइला. लपवाले काहीच नव्हतं. उर्वशीताई आत आली, पर्स खांद्यावरच, अन सरळ त्या चार पांढऱ्या टाइलापाशी गेली ज्या अजून भिंतीत होत्या. बोट लावलं. मंग पोत्यावरची एक उचलून उजेडाकडं केली. ती वरडली नाही. तिचा चेहरा असा झाला जसा कोणी घरचं माणूस दवाखान्यात हाये म्हणून फोन आला.

"ॲसिड," ती म्हणली. "मिस्त्रीकाका, मी इतकं सांगून गेले होते. आणि लावलंच तर पहिल्या टाइललाच थांबायचं ना. नऊ कशा होऊ दिल्या?"

जो सवाल यायचा होता तोच आला. मी तोंड उघडलं का म्या मारला म्हणाले, पण मोठेबाबाचा हात माह्या पोटरीवर आला, घट्ट. वामनराव मांगून आले. त्याईनं भिंत पाह्यली, कपाट पाह्यलं, मंग मोठेबाबाकडं पाह्यलं. मोठेबाबाचे डोळे तेजाबाच्या धुरानं लाल झालते अन नजर वामनरावाच्या बाजूनं दुसरीकडंच लागली होती, नेहमीवानी.

"उकंडा," वामनराव म्हणे, "माह्याकडं पाहून बोल. पेऊन आला का?"

वरचं ड्रिल बंद झालतं. सोनू जिन्यात येऊन उभा होता.

मंग मोठेबाबा म्हणे, "हो भाऊ. झाली थोडी."

मले ऐकाले आलं पण समजलं नाही. जो माणूस लग्नात दुसऱ्याच्या हातातला गिलास पाडते तो सांगत होता का मी दारू पेलो. वामनराव सुरू झाले. का तुले विहारातला माणूस समजून घरात घेतलं, का सारे एका माळेचे मणी, का तुमच्या लोकाईचं हे असंच. सारं मोठेबाबा खाली मान घालून ऐकत होते. त्या 'तुमच्या लोकाईचं' वर माह्या कानात शिट्टी वाजली.

"दारू नाही पेत ते," मी म्हणलं. "दिसत नाही त्याईले. दोन वर्सांपासून दिसत नाही. तुमच्या न्हाणीतली फरशी बी न पाहता लावली त्याईनं, गेल्या वर्षी, जा पाहून या कुठं पाणी साचते का."

बोलून झालं अन तवा, तवाच, मले समजलं का मोठेबाबानं काय केलतं. दारूड्या मिस्त्रीले लोकं शिव्या देतात अन पुढच्या महिन्यात वापस बोलावतात. आंधळ्या मिस्त्रीले कोणी बोलावत नाही. त्याईनं दोन वाईटातलं एक निवडलं होतं, आपली इज्जत देऊन काम वाचवलं होतं, अन म्या ते एका झटक्यात घालवलं. त्यायची बाजू घ्याले गेलो अन घालवलं.

वामनरावानं दोन बोटं मोठेबाबाच्या तोंडासामोर धरली. "किती?" म्हणे. मारून टाकावं असं वाटलं मले. पण त्यायच्या आवाजात मस्ती नव्हती, ते खरंच पाहून राह्यलते, घाबरल्यावानी. मोठेबाबानं थैला जोळ ओढला. थापी, ब्लेड, दोरी, ओळंबा, एकेक चाचपून आत टाकलं.

"बस उकंडा, जाऊ नको," वामनराव म्हणे, आता आवाज नरम. "तू बस खुर्चीवर. पोट्टा करन काम, तू सांग त्याले."

हेच ते. खुर्ची. मोठेबाबा उठले.

मी म्हणलं, थांबा, मी गाडी काढतो. ते म्हणे, "तुले बोलाची घाई होती ना? बोलला. आता ह्या नऊ तूच लाव."

अन म्या काय म्हणलं माहीत हाये? म्या म्हणलं, "जा मंग." रागात. रागानं उठून जाणं आमच्या घरी मीच करतो असं मले वाटे. त्यायच्यातूनच आलं असन माह्यात. ते भिंतीले हात लावत दरवाज्यापर्यंत गेले, पायरीवर एक सेकंद थांबले, अन उतरून गेले.

तीन वाजून दहा मिनिटं झालते. आता सव्वाचार होऊन राह्यले.

उर्वशीताई एवढंच म्हणली, कपाटामागच्याच लाव, वेगळ्या दिसतील, दिसू देत. मले थापी ठेवली नव्हती मोठेबाबानं, म्हणून सोनूजोळचा पुट्टी भराचा पत्रा घेऊन चुना लावतो. सात बसल्या. सरळ बसल्या का नाही ते मी डोळ्यानं पाहतो अन समजत नाही, मंग हात फिरवतो, तरी समजत नाही. न्हाणीतून वामनरावाचा आवाज येत होता, ते फरशीवर पाणी ओतून पाहत होते. बाहेर आले तं एवढंच म्हणले, एक थेंब थांबत नाही बे. मंग पलंगावर बसून राह्यले.

मी तीनदा फोन केला मोठेबाबाले. घंटी जाते, उचलत नाही. त्याईले फोनवर नाव दिसत नाही, पण माही रिंग त्याईले माहीत हाये, म्याच वेगळी लावून देल्ली. आमचं गाव झरीच्या रस्त्यानं बावीस किलोमीटर. काळीपिवळी जीप मिळते, पण हायवेच्या पल्याड. मधी चार पट्ट्याचा रोड, नागपूर-हैदराबादचे ट्रक, अन हे दिवस कापसाचे, ट्रॅक्टर उलट्या बाजूनं बी येतात. रोज मी त्याईले गाडीवर मांगं बसवून पल्याड नेतो. दोन वर्सात त्याईनं तो रोड एकट्यानं पार केला नाही.

आता मोठीआईचा फोन आलता. म्हणे, यायले सांग का शेजारच्या कपिलच्या घरी लेकराचं नाव ठेवणं हाये संध्याकाळी, लवकर या दोघं. मी म्हणलं, हो. म्हणे, दे त्याईले फोन. मी म्हणलं, हात चुन्यात हायेत त्यायचे. माहे हात चुन्यात होते. फोनले बी लागला.

आठवी टाइल उचलली तवा सोनू बाहेरून आला, वायरचं बंडल आणाले गेलता. तो माह्याजोळ येऊन खाली बसला. त्याचा तो हासरा चेहरा नव्हता. म्हणे, "संघ्या, तुया मोठेबाबा हायवेवर हाये. मधल्या डिव्हायडरवर उभा हाये थैला घेऊन. मी जाताना बी तिथंच होता, आता येताना बी तिथंच. म्या आवाज देल्ला, पण ट्रकाच्या आवाजात..."

दोन टाइला राह्यल्या. घमेल्यातला चुना आवळून जाईन, जाऊ दे. मले आता निघा लागते.